उतारावर लाल नळी जोडताना

तोरुनने ट्रक मागे घेत घेत ट्रेलरच्या पोटाखाली घातला. ट्रेलरची खुंटी ट्रकच्या जबड्यात बसली, खण्णकन आवाज झाला आणि तिच्या जिवात जीव आला. कॉड माशांनी गच्च भरलेलं ते धूड सेन्या बेटावरच्या कारखान्याच्या आवारात कालपासून उभं होतं. आवार सगळं उताराचं, त्यावर निसरडा बर्फ, आणि खाली थेट धक्का नि समुद्र. असल्या जागी ट्रेलर सोडायची अक्कल कुणाची म्हणून विचारावं, तर तिच्या नवऱ्याचीच! म्हणजे बोलायचीही सोय नाही.

तिने हँडब्रेककडे हात नेला.

"ए, ए! ओढू नकोस तो!" तिचा नवरा आयलर्ट खालून ओरडला. "ब्रेक ओले आहेत. या थंडीत आवळलेस तर तसेच गोठतील. मग बसू इथेच उन्हाळ्याची वाट बघत!"

"पण शिकवताना सांगितलंय, खाली उतरायच्या आधी ओढायचाच."

"कुठे शिकवलं, ओस्लोत? त्यांना काय कळतंय थंडीतलं? अगं, ट्रेलरने धरून ठेवलंय की तुला! इथे सगळे असंच करतात."

सगळे तसंच करत, हे खरं होतं. तोरुनचं लायसन्स नवंकोरं. कँटीनमध्ये तिच्या नावाने आधीच हशा पिकायचा, त्यात आणखी भर कशाला? तिने हात मागे घेतला.

आयलर्टने कारखान्याच्या पंख्यांच्या घरघराटापायी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले आणि बादली घेऊन तो ट्रकच्या पुढे, उताराच्या बाजूला गेला. चाकं घसरू नयेत म्हणून तो पाठमोरा वाळू टाकू लागला. तोरुन ट्रक आणि ट्रेलरच्या मधल्या फळीवर चढली.

सुटा ट्रेलर जागचा हलत नाही, कारण ट्रकच्या लाल नळीतून हवा मिळेपर्यंत त्याचे ब्रेक आवळलेले असतात. हवा मिळाली की ते सुटतात. म्हणून ट्रेलर सोडून जाणाऱ्याने त्याच्या पार्किंग ब्रेकचा वेगळा खटका ओढून ठेवायचा असतो. काल आयलर्टने तोही ओढला नव्हता. थंडी आहे ना! बायकोला तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

तिने लाल नळी पीळ देऊन बसवली. फुस्स करून हवा गेली आणि पायाखालची फळी हलली.

आधी तिला वाटलं, आपल्यालाच गरगरलं. मग ट्रेलरचे टेकूचे लोखंडी पाय बर्फावर करकरले. अरे देवा, हे निघालं!

"आयलर्ट! बाजूला हो! आयलर्ट!"

केबिनच्या कडेने तिला त्याचं पिवळं जाकीट दिसत होतं. तो आपला वाकून वाळू टाकतोय! उडी मार, दाराशी पळ, ब्रेक ओढ, असं सगळं अंग ओरडत होतं. तिने एक पाय खाली सोडलासुद्धा. खाली चाक फिरत होतं. तिने पाय वर ओढून घेतला.

नळी! नळी काढ, बये!

हातमोजा घसरला. तिने तो दातांनी ओढून टाकला, उघड्या हाताने ते गार लोखंड धरलं आणि जीव खाऊन पिळलं. नळी निसटली, ट्रेलरचे ब्रेक धाडकन आवळले. तरी ते धूड घसरतच राहिलं. तोरुनने डोळे मिटून घेतले.

मग थांबलं.

"डोळे फुटले का तुझे!" पुढून आयलर्टचा आवाज आला. तो आवाज ऐकून तिला रडूच फुटलं.

ती धरत धरत उतरली आणि पुढे आली. तो गुडघ्यांवर पडला होता, ट्रकचं नाक त्याच्या पाठीला टेकलं होतं. तो कसाबसा उठून वळला आणि काचेकडे मूठ उगारून बोंबलू लागला. "सांगितल्याशिवाय गाडी पुढे घेतलीसच कशी? मारतेस का मला?"

"आयलर्ट," तिने त्याची बाही धरली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काचेकडे. कानांवरचे मफ हळूच खाली ओढले.

"तू इथे... मग आत कोण आहे?"

"कोणी नाही," तोरुन म्हणाली. "कोणीच नव्हतं रे आत."