धुतलेली खडी

लालसाबच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरला पाणी पाजलं. खांद्यावर कातड्याची मशक, कमरेला ओला पंचा आणि दारोदारच्या रांजणांची ओळख, एवढ्यावर ही भिस्त्यांची घरं चालली. मग गावात नळ आले. लालसाबचा बाप हुसेनसाब नळाला रोज शिव्या घालायचा. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, नळ दिसेनासा झाला, तेव्हा कुठे शिव्या कमी झाल्या. मशक मात्र म्हाताऱ्याने टाकली नाही. खुंटीवर टांगून ठेवली होती, आणि मनात आलं की खाली काढून तेल चोळत बसायचा.

लालसाब पोरगा होता तेव्हा रोज संध्याकाळी बाप त्याला मशकीच्या तोंडातून आत हात घालायला लावी आणि विचारी, हाताला बुळबुळ लागली का? लागली म्हटलं की जेवणाआधी चुन्याची निवळी आणि काथ्याचा बोळा घेऊन मशक आतून घासायची. बुळबुळ म्हणजे भिस्त्याची अब्रू गेली. आता लालसाब चाळिशीला आला, मशक खुंटीला लागली, तरी म्हातारा संध्याकाळी तोच प्रश्न विचारायचा, आणि लालसाब हात धुऊन आत येता येता म्हणायचा, न्हाय, अब्बा. दोघांनाही त्यावाचून जेवण गोड लागत नसे.

आणि गंमत पाहा, या लालसाबला काम कुठे मिळालं, तर गटाराच्या पाण्यावर. गिरणीच्या चाळींमागे मैलापाणी साफ करायची जागा बांधली होती. चाळींचं सगळं पाणी आधी एका झाकलेल्या टाकीत यायचं, गाळ खाली बसायचा, आणि वरचं पाणी खडीच्या दोन मोठ्या हौदांवर हळूहळू शिंपडलं जायचं. खडीतून झिरपून ते खालून निघालं की इतकं निवळ असायचं की पलीकडच्या मळ्यात गवताला सोडत. लालसाबला आधी किळस वाटली, मग नवल वाटलं, आणि मग त्या कामाचा लळाच लागला. पाणी ते पाणी, असं त्याने बापाला समजावलं होतं.

एकोणीसशे चौतीस साली वरून हुकूम आला की अशा जागेवर यापुढे सर्टिफिकेट असलेलाच माणूस राहील. सहा महिने हाताखाली शिकायचं, मग इंजिनियरसाहेब येऊन तोंडी परीक्षा घेणार. नापास होईल त्याला दुसरं काम बघावं लागेल. आता लालसाबने दुसरं कोणतं काम बघायचं? मशकीला गिऱ्हाईक नव्हतं, आणि मागावर बसायचं तर ते हात लहानपणापासून वळवावे लागतात. त्याला हे सर्टिफिकेट हवंच होतं.

शिकवायला सोमलिंग ओव्हरसियर होते. अक्कलकोटकडचे, शांत, पानाचा शौक असलेले. एकदा शिकवलं की पुन्हा म्हणायला लावायचे. खडीवर जो बुळबुळीत थर चढतो ना, त्यात जीव असतो, तोच घाण खातो आणि पाणी निवळ करतो, हे त्यांनी लालसाबकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की ते त्याला नमाजाइतकं पाठ झालं. पाठ झालं, पण हाताला काही पटलं नाही. खडी चाचपायची वेळ आली की लालसाबचा हात आपोआप मागे सरायचा. पुस्तकवाले काहीतरी म्हणतात, आपण म्हणावं, एवढाच त्याचा हिशेब.

परीक्षेला आठवडा राहिला आणि सोमलिंग भाचीच्या लग्नाला गावी गेले. लालसाब एकटा राहिला. साहेब येणार, खडीत हात घालणार, आणि त्या हाताला बुळबुळ लागणार, हा विचार काही त्याला झोपू देईना. दुसऱ्या हौदाकडे साहेब बहुधा जाणार नाहीत, पण पहिला तर अगदी फाटकासमोर. शेवटी त्याने चुन्याचं पाणी कालवलं, काथ्याचे बोळे केले, आणि पहिल्या हौदातली वरची सगळी खडी काढून घासून काढली. खालच्या खडीवर चुन्याचं पाणी ओतलं. झाडलोट करणारी केराबाई झाडू टेकवून बघत उभी राहिली.

“लालसाबभाई, खडी धुऊन कुनाला जेवाया वाढनार हाय?” ती म्हणाली.

लालसाब हसला. हात चुन्याने फुटले होते, पण खडी अशी लखलखत होती की बघत राहावं. त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने त्याचे हात चाचपले, चुना ओळखला, आणि खूश होऊन म्हणाला की पोरगा अजून भिस्तीच आहे. लालसाबला फार बरं वाटलं.

दोनच दिवसांत पहिल्या हौदाखालून पाणी गढूळ यायला लागलं. मग काळपट झालं. मग त्याला वास सुटला. इतक्या वेळा पाठ म्हटलेलं वाक्य आता आपोआप डोक्यात घुमायला लागलं, तरी त्याचं मन म्हणत होतं, दुसरं काही कारण असेल.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सोमलिंग परतले. त्यांनी पाण्याचा वास घेतला आणि लगेच ठरवलं की गिरणीच्या रंगखात्याने गरम पाणी चाळींच्या गटारात सोडलं असणार, त्याने थर मेला. मागे एकदा तसं झालंही होतं. रंगखात्याच्या पाण्याच्या चावीवर गुरप्पा म्हणून माणूस होता. त्याला उद्या साहेबांपुढे उभं करू, तुझ्यावर काही येणार नाही, असं सांगून त्यांनी लालसाबच्या पाठीवर थाप मारली.

घरी आला तर सायराबानू, त्याची बायको, दूध विरजत होती. दह्याच्या गाडग्यात तळाशी राहिलेलं चमचाभर दही तिने तसंच ठेवलं होतं. लालसाब बघत राहिला. गाडगं आधी धूत का नाहीस, असं त्याने विचारलं. सायराबानूने नवऱ्याकडे असं पाहिलं की याला आज झालंय तरी काय. सगळं धुतलं तर उद्याचं दही लागणार कशाने, असं म्हणून तिने त्याच गाडग्यात दूध ओतलं.

लालसाब तिथेच उंबऱ्यावर बसला. आपण काय धुऊन टाकलं ते त्याला आता समजलं. त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने प्रश्न विचारला तेव्हा न्हाय म्हणायच्या ऐवजी तो पुन्हा हात धुवायला बाहेर गेला. लाज वाटली, भीतीही वाटली. गुरप्पाला चार लेकरं होती हे त्याला ठाऊक होतं.

सकाळी इंजिनियरसाहेब आले. पुण्याकडचे, बारीक आवाजाचे. सोमलिंग रंगखात्याचं सांगायला लागले. गुरप्पा हात जोडून बाजूला उभा, आपण काय केलं हेच त्याला कळत नव्हतं.

“साहेब, गुरप्पाचा काय दोष न्हाय,” लालसाब म्हणाला. “खडी मी धुतली. चुन्यानं.”

सोमलिंगांच्या तोंडातलं पान थांबलं. साहेबांनी विचारलं, का धुतलीस? शिकवलं नव्हतं?

“शिकवलं हुतं, साहेब. बुळबुळीत जीव असतो, त्यो घाण खातो, सगळं पाठ हाय. पन आमी भिस्ती. बुळबुळ दिसली की घासायची, हे हाताला लागल्यालं. तोंडाला पाठ हुतं, हाताला कळलं न्हवतं.”

साहेबांनी वाकून हौदाखालचं पाणी हुंगलं. त्यांनी गुरप्पाला जायला सांगितलं. मग म्हणाले, “सर्टिफिकेट आज मिळणार नाही. हा हौद जिवंत करून दाखव. पावसाळा संपला की मी येईन. तेव्हाही असाच असेल, तर दुसरा माणूस बघावा लागेल.”

ते गेल्यावर सोमलिंग आधी चिडले. तोंड मिटून बसला असतास तर पास झाला असतास, म्हणाले. मग नवं पान लावलं आणि शांतपणे उपाय सांगितला. दुसऱ्या हौदातली थोडी खडी पाण्यात खळबळायची आणि ते पाणी पहिल्या हौदावर रोज शिंपडायचं. पण हलक्या धारेने. बादलीने ओतलं तर धरू पाहणारा थरही वाहून जाईल.

हलक्या धारेने शिंपडायचं म्हटल्यावर लालसाबला एकच गोष्ट आठवली. रस्त्यावरची धूळ बसवायला त्याचा बाप असंच तर शिंपडायचा, मशकीचं तोंड मुठीत धरून, बोटाच्या फटीतून. संध्याकाळी त्याने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं आणि मशक मागितली. त्या मशकीत असलं पाणी कधी गेलं नाही, एवढंच हुसेनसाब म्हणाला, आणि जेवलाही नाही. लालसाबला वाटलं, संपलं. पण सकाळी उठून बघतो तर मशक दाराशी ठेवलेली, ताजं तेल चोळलेली.

मग सगळा पावसाळा लालसाब पाण्याला जुंपलेला. मशक भरायची, खांद्यावर घ्यायची, हौदाच्या कडेने चालत हलकी धार सोडायची. केराबाई चेष्टा करायची की भाई खडीला तहान लागली वाटतं. मशक चुन्याने धुवायची नाही, हे त्याने घरी आधीच बजावलं होतं. म्हाताऱ्याने ते ऐकलं, आणि संध्याकाळचा प्रश्न विचारायचं सोडून दिलं. त्या घरात तो प्रश्न नसल्याचं लालसाबला फार लागायचं.

भाद्रपदात एके दिवशी त्याने पहिल्या हौदात हात घातला. खडी बोटांखालून निसटली. त्याने दुसरी धरली, तीही निसटली. खालून येणारं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला वास नव्हता. लालसाब हौदाच्या काठावर बसून रडला, आणि सोमलिंगांनी मुद्दाम पाठ फिरवून पान लावलं.

संध्याकाळी तो हात धुऊन घरात आला. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. पावलं ओळखून त्याने मान वर केली, आणि इतक्या दिवसांनी विचारलं, हाताला बुळबुळ लागली का?

“लागली, अब्बा,” लालसाब म्हणाला.

हुसेनसाबने त्याचा हात आपल्या हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि सायराबानूला दोघांना वाढायला सांगितलं.