प्रूफात नसलेली ओळ

“...आणि तो गाडीत चढला, पूर्णविराम,” मास्तरांनी वाचलं.

“हं,” समोरून तपासनीस म्हणाले.

छापखान्याच्या या मागच्या खोलीत बावीस वर्षं असंच चाललं होतं. मास्तरांनी हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं. तपासनीसांनी प्रूफावर पेन्सिल फिरवत वाक्यागणिक ‘हं’ म्हणायचं. खालच्या मजल्यावर छपाईचे खिळे जुळवणारे कामगार त्यांना नवराबायको म्हणून चिडवत, कारण एक सारखा बोलतो आणि दुसरा नुसता हुंकार भरतो. तपासनीस त्यावर मनापासून हसत. मास्तर हसल्यासारखं करत आणि घरी जाऊन एकटेच जेवत.

आज तपासनीसांचा शेवटचा दिवस होता. डोळे थकले होते. उद्या ते दुसऱ्या गावी, लेकाकडे कायमचे जाणार होते. त्याआधी एकदा तरी मनातलं सांगून टाकायचं, असं मास्तरांनी आठवडाभर घोकलं होतं. पण तोंड उघडलं की निघायचं ते दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य.

त्यात हातात आलेली कादंबरीही नेमकी अशी. दोनशे पानं लेखकाने दोन मित्रांना एका घरात जिवाभावाने नांदवलं होतं, आणि मग बहुधा लोक काय म्हणतील या धास्तीने, शेवटी एकाचं लग्न ठरवून त्याला गाडीत बसवलं होतं. निरोपाचा एक शब्दही नाही. मास्तरांना लेखकाचा मनस्वी राग आला होता.

“मागे राहिलेल्याने खिडकीचा गज धरला, पूर्णविराम.”

“हं.”

हस्तलिखितात यापुढे गाडी सुटत होती. मास्तरांनी पानावरची नजर न हलवता वाचलं, “तू गेलास की मी कुणासाठी बोलू, प्रश्नचिन्ह.”

पेन्सिल थांबली.

“ही ओळ इथे नाही,” तपासनीस म्हणाले. “परत वाचा.”

मास्तरांनी परत वाचलं. या खेपेला ‘प्रश्नचिन्ह’ म्हणायचं राहून गेलं.

एखादी ओळ सुटलेली निघाली की तपासनीस मूळ पान स्वतः बघत, मगच समासात लिहीत. हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. मास्तरांचा तळवा पानावर तसाच राहिला. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षांची अब्रू त्या तळव्याखाली होती.

तपासनीसांनी हात मागे घेतला. चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला.

“राहू द्या. तुम्ही वाचलंत म्हणजे असेलच.”

खाली मान घालून ते लिहू लागले. एका ओळीला लागावा त्याहून जास्त वेळ लागला. थकल्या डोळ्यांना लागायचाच, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं. संध्याकाळी तपासनीसांनी प्रूफं नेहमीप्रमाणे स्वतः खाली नेऊन दिली, छत्री उचलली, “येतो, मास्तर,” म्हणाले आणि गेले.

मालकांनी नवा माणूस घेतला नाही. दोन्ही कामं आता तुम्हीच उरका, असा निरोप आला. आठवड्याने कादंबरीचं दुसरं प्रूफ हाती पडलं, तेव्हा मास्तर सवयीने एकटेच मोठ्याने वाचत बसले. निरोपाच्या पानावर त्यांची ओळ छापून आली होती. ती खोडायला त्यांनी पेन्सिल उचलली, तेव्हा तिच्याखाली आणखी एक ओळ दिसली. ती हस्तलिखितात नव्हती, आणि त्यांनी वाचलेलीही नव्हती.

‘त्याने चष्मा पुसला आणि तो म्हणाला, बोलत राहा. मी कधीच नुसतं काम म्हणून ऐकलं नाही.’

कादंबरीतल्या दोघांपैकी कुणालाच चष्मा नव्हता.

मास्तरांनी ती ओळ समोरच्या रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवली, सगळ्या विरामचिन्हांसकट, आणि सवयीने थांबले. खाली यंत्र चालू होतं. बराच वेळ गेल्यावर त्यांनी स्वतःच “हं” म्हटलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि पान उलटलं.