टाकीतली अम्मा

रंगा हा आईचा मासा. नाव तिनेच ठेवलेलं. स्वयंपाकघरातून हाक मारली की तो काचेशी येतो, असं ती शपथेवर सांगायची. तो यायचा खाण्यासाठी, पण आईला हे कोण सांगणार? आडीत, म्हणजे तमिळ आषाढात, आई गेली. तेव्हापासून अप्पा टाकीसमोर बसूनच कॉफी पितात.

मार्गळी महिना लागला, गारठा पडला आणि अप्पांना वाटलं, रंगा एकटा पडलाय. बस स्टँडजवळच्या दुकानातून त्यांनी दोन लहान मासे आणले आणि पिशवी सोडून सरळ टाकीत ओतली. नवे मासे आधी काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचे असतात. आई हे कटाक्षाने करायची, अप्पा नुसते बघायचे. करायला गेले एक आणि झालं भलतंच. थोड्याच दिवसांत रंगाच्या शेपटीवर, कल्ल्यांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. तो खडीवर अंग घासायला लागला.

"मधू, आईचा रंगा जातो गं," अप्पा फोनवर रडले. मी चेन्नईहून मिळेल ती गाडी पकडून गावी, मेलकावेरीला आले.

घरी भागीरथी आत्याचे उपचार सुरू झाले होते. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. आई गेल्यावर ती इथेच राहायला आली, येताना कपड्यांची पेटी आणि साईकुमारचा फोटो घेऊन. साई तिचा एकुलता एक. मी जन्मायच्या आधीच तो गोवराने गेला, चार वर्षांचा असताना. त्याच्याविषयी आमच्याकडे कुणी बोलत नाही.

बघते तर टाकीत कडुलिंबाचे डहाळे, पाणी हळदीने पिवळं, आणि आत्या माठातलं गार पाणी वाटीने सोडतेय.

"अम्मा आलीय त्याला," ती म्हणाली. देवी, गोवर, कांजिण्या, अंगावर जे उठेल ती आमच्या गावात अम्माच. "अंग थंड ठेवावें. औषध देऊं नये, ती कोपते."

मी कपाळावर हात मारला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! "आत्या, कसली अम्मा! किडा आहे तो. नव्या माशांबरोबर आलाय."

अप्पा मला डोळ्यांनी गप्प करत होते. पण गप्प बसेन तर मी कसली!

डहाळे काढले. निम्मं पाणी बदललं, नळीने खडीतला गाळ ओढून घेतला. हीटर लावला, हवेचा पंप वाढवला, जाडं मीठ विरघळवून घातलं, मग दुकानातलं निळं औषध. किडा माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. पिकला की तो गळून तळाशी पडतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. औषध त्यांना गाठतं. ऊन पाण्यात हे सगळं लवकर उरकतं. आत्या साईच्या फोटोखाली पाटावर बसून बघत होती.

हळूहळू ठिपके गेले. रंगा खायला लागला, अप्पा हसले. तरी मी औषध चालूच ठेवलं. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं, खडीत पिल्लं उरतात. हे सगळं मी मोठ्या आवाजात, आत्याला ऐकू जाईल असं सांगितलं. जिंकले होते ना मी!

आत्या उठली. काचेवर तिने तळहात ठेवला.

"ऊन आहे गं पाणी."

"लागतंच. गारव्यात किडा अंग लवकर सोडत नाही."

"मग औषध चालतें? अम्मा कोपत नाही?"

अप्पा घाईघाईने म्हणाले, "अक्का, माशांचं वेगळं. माणसांचा रोग वेगळा, हा वेगळा." खरंच होतं ते. मीही जोरजोरात मान हलवली.

आत्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. हात काचेवरच होता, आणि रंगा खाण्याच्या आशेने त्या हातापाशी आला होता.

"साईला मी गार पाण्याने पुसत होतें, विष्णू," ती अप्पांना म्हणाली. "कुडकुडत होता तो. पांघरूण मागत होता. मी दिलें नाही."