यानावरच्या डॉक्टरीणबाईंचा टोप

मी अंतराळवीराचा टोप बोलतोय. लगेच तारे-उल्का डोळ्यांपुढे आणू नका. गच्चीच्या वर मी कधी गेलेलो नाही. स्टुडिओतल्या सुताराने एका मोठ्या पातेल्यावर फायबर चढवून मला घडवलं. समोरची काच मोटरसायकलच्या हेल्मेटची, कपाळावरचा दिवा बॅटरीच्या बल्बचा. या भांडवलावर आमची मालिका दर आठवड्याला विश्व वाचवायची.

मला घालायची मावशी. यानावरच्या डॉक्टरचं काम तिचं. काच इतकी धुरकट, की तिचा चेहरा प्रेक्षकांना कधी दिसलाच नाही. आत घामाच्या धारा, काचेवर वाफ, तरी पानभर संवाद ती एका दमात म्हणायची. मालिका संपली. "टोप ठेव तुला आठवण म्हणून," दिग्दर्शक म्हणाला. काम मात्र पुन्हा कुणी दिलं नाही. चेहराच माहीत नाही, तर बोलावणार कुणाला?

तेव्हापासून मी तिच्या घरात फळीवर बसून कपडे वाळत घालायचे चिमटे सांभाळू लागलो. ते दिवस मानाचे होते. चिमटे वाद घालत नाहीत.

मग भाची आली. शिक्षणासाठी वर्षानुवर्षं दूर राहिलेली, उत्साहाने नुसती फसफसणारी.

"मावशी, तुमच्या मालिकेचं चाहता मंडळ आहे इथे! ज्येष्ठ कलावंतांना मानवंदना देतात. तुझं नाव घेतलं तर अध्यक्षांनी उडीच मारली. म्हणाले, हवं ते सादर करा!"

तिला वाटलं होतं, तिथे उद्याच्या जगाबद्दल बोलणारी माणसं भेटतील आणि मावशीला तिचा मंच मिळेल. मावशीलाही वाटलं. त्या डॉक्टरच्या म्हातारपणावर तिने एक स्वगत रचलं, भांडी घासता घासता पाठ केलं. मी फळीवरून ऐकत होतो. आवाज तोच होता, फक्त त्यातली घाई गेली होती.

ठरल्या दिवशी मलाही पिशवीतून नेलं. आणि तिथे भेटलं काय? शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर स्वतःला कोंबून बसलेली थोराड घोडी. विषय माझा दिवा.

"सगळ्या भागांत हिरवा, मग चौथ्यातच निळा का?" अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं.

"डॉक्टरचं दुःख, साहेब. दिग्दर्शकाने रंगातून सांगितलंय," ज्याला सगळे विश्वकोश म्हणत तो उद्गारला.

मावशी हसली. "अहो, हिरवा बल्ब उडाला होता. सुताराकडे निळाच होता."

विश्वकोशाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "खूप वर्षं झाली, मॅडम. तुम्हाला नसेल आठवत."

कपाळ माझं, निवाडा यांचा! हात वर करून मतदान झालं. दुःख बहुमताने जिंकलं.

मानवंदनेसाठी टेबलावर कलावंतांचे फोटो मांडले होते. मावशीच्या नावापुढे फोटो माझा. "तुमचा चेहरा कुणी ओळखणार नाही ना," अध्यक्षांनी समजावलं. अशा अकला जमवायला मंडळच लागतं; एकट्यादुकट्याचं काम नव्हे.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "शिपाई कुलूप लावायला आलाय. स्वगत पुढच्या वेळी, मॅडम. आता टोप घालून तेवढं ते वाक्य म्हणा, 'नाडी लागत नाही, कॅप्टन!'"

भाची ताडकन उठली. "अहो, तुम्ही शब्द दिला होता!"

"ताई, लोक टोपासाठी आलेत."

मावशीने भाचीचा हात दाबून तिला खाली बसवलं आणि मला डोक्यावर चढवलं. ते वाक्य तिने म्हटलंच नाही. तिने स्वगत सुरू केलं.

"यान परत आलं. सगळ्यांच्या नाड्या मी पाहिल्या. आता माझी कोण पाहणार, या विचाराने मी दारात उभी आहे…"

काचेबाहेर नुसती गुणगुण ऐकू जात होती.

"काही कळत नाहीये! काच वर करा!" मागून कुणी ओरडलं.

"अजिबात नाही!" विश्वकोश किंचाळला. "काच वर केली की ओरिजिनल राहत नाही!"

काचेवर वाफ धरली. शेवटच्या शब्दापर्यंत मावशी थांबली नाही. असं काम मी स्टुडिओतही पाहिलं नव्हतं, आणि प्रेक्षक एक पातेलं! बाहेर टाळ्या पडल्या. मोबाइलमध्ये फोटो छान आले होते.

"हा टोप मंडळाला द्या, काचेच्या पेटीत ठेवू," निघताना अध्यक्ष म्हणाले.

घरी आल्यावर मावशीने मला फळीवर ठेवून चिमटे परत माझ्यात टाकले.

सकाळी भाचीने माझ्यातले चिमटे पिशवीत ओतले. मावशीकडे पाहून तिने नुसतं विचारलं, "देऊ?" मावशीने होकाराची मान हलवली. भाचीने फोन लावला.

"अध्यक्ष, टोप घेऊन जा. आजच. रविवारी आमच्या गच्चीवर मावशीचं स्वगत आहे, उघड्या चेहऱ्याने. शेजारीपाजारी येतील. ज्यांना टोप बघायचाय त्यांनी तुमच्याकडे यावं."

आता मी दाराशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आत मावशी मोकळ्या आवाजात तालीम करतेय. जायला माझी हरकत नाही; तिच्या तोंडावरून उतरलो, हे बरंच झालं. मंडळींना एकच विनंती: माझी काच आतून पुसू नका. तिथे मावशीच्या ओठांचा पुसट डाग आहे. माझ्यात ओरिजिनल तेवढंच आहे. त्यावर मतदान मात्र घेऊ नका.