बास गिटार, एक नग

आमच्या मराठी मंडळाच्या अल्बममधला बास ऐकून ज्यांनी ज्यांनी माना डोलावल्या, त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. अठ्ठावीस हजार दिरहमचा, म्हणजे पावणेसात लाख रुपयांचा जो बास तुम्ही वाखाणलात, तो रेकॉर्डिंगच्या दिवशी मुका होता. वाजला तो माझा. चारशे दिरहमचा. एक फिलिपिनो वादक कायमचा घरी परतताना विकून गेला होता.

मी भानुदास. शारजात एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर. व्हिसावर तेच लिहिलंय. बास गिटार मी सतराव्या वर्षी गडहिंग्लजच्या एका ऑर्केस्ट्रात धरली. शिकवली कुणी नाही. आधीचा वाजवणारा पळून गेला आणि मालकानं ती माझ्या गळ्यात घातली, एवढंच. इकडे आल्याला बावीस वर्षं झाली. मंडळाचे गणपती, दिवाळी पहाट, लोकांच्या हौसेच्या रेकॉर्डिंगा, सगळीकडे वाजवतोय. बास काढून टाकला की गाणं पोकळ लागतं, पण काढेपर्यंत तो होता हे कुणाच्या लक्षातच येत नाही. वाजवणाऱ्याचंही तसंच. बावीस वर्षांत माझं नाव एका ठिकाणी छापलेलं नाही.

मला त्याचं फार काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण गेल्या वर्षी मी माझ्या मुलीला, ईश्वरीला, एक गाणं पाठवलं. ती गावी बारावीला आहे. तिनं ऐकलं आणि फोन केला.

"बाबा, छान आहे. पण यात तुम्ही कुठे?"

"अगं, खालून जो घुम येतोय ना, तो मी."

"घुम कुठेय? मला तबला ऐकू येतोय आणि ती बाई."

बरोबरच होतं तिचं. मोबाईलच्या स्पीकरवर बास येतच नाही. एवढ्याशा स्पीकरला तेवढा खालचा सूर पेलत नाही. म्हणजे माझी पोरगी तिच्या बापाला कधी ऐकूच शकणार नव्हती. मग म्हटलं, निदान नाव तरी दिसू दे. बस, एवढंच मला पाहिजे होतं.

आता उल्हासशेठ. उल्हास नेर्लेकर, माझ्या कंपनीचे मालक, मंडळाचे अध्यक्ष, अल मजाजला खाडीकाठी सतराव्या मजल्यावर राहतात. तो बास त्यांनी मुलासाठी, अंशसाठी अमेरिकेहून मागवला. हातानं बनवलेला. बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, त्यांचा काही दोष नाही. उलट वस्तू अस्सल होती. मी पहिल्यांदा वाजवला तेव्हा अंगावर काटा आला. प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतं. पियानोच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबाव्यात तसा लख्ख, ताठ आवाज. आत एक छोटं सर्किट असतं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, ते आवाज असा घासूनपुसून बाहेर पाठवतं. अंशनं तो दोन महिने वाजवला आणि सोडला.

"अंकल, इट्स टू हेवी," म्हणाला. विषय संपला.

शेठ म्हणाले, "भानू, एवढी वस्तू वाया कशाला घालवायची? मंडळाचा अल्बम करतोय. पाच गाणी. तू वाजव."

मी म्हटलं, "वाजवतो शेठ. पण नाव टाकायचं."

"टाकू की रे. इन्शाल्ला."

उल्हासशेठच्या तोंडून इन्शाल्ला आलं की खलास समजावं, हे मला कळायला हवं होतं.

खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावलं. पूजा मांडली होती. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन, आणि मधोमध तो बास आडवा. स्मितावहिनींनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला. मग फुलानं पंचामृत शिंपडायला लागल्या.

मी म्हटलं, "वहिनी, त्याच्यावर ओलं नको. आत वायरिंग आहे."

शेठ हसले. "भानू, अरे देवाच्या पाण्यानं कधी काही होतं का? हे आपलं शस्त्र आहे."

"शेठ, शस्त्राला बॅटरी नसते."

"घ्या! स्टोअरकीपर आता भटजी झाला!"

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्यांदा बोललो नाही, ती माझी चूक. दूध, मध, साखर, तूप, दही बटणांच्या फटीतून आत जाताना मी डोळ्यांनी बघितलं आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन उभा राहिलो.

निघताना शेठ म्हणाले, "नोट बनव रे." आमच्या कंपनीत स्क्रूचं पाकीटसुद्धा डिलिव्हरी नोटशिवाय हलत नाही. मीच बनवली. 'बास गिटार, एक नग, पेटीसह. सुस्थितीत मिळाला.' खाली माझी सही. बावीस वर्षांच्या सवयीनं हात चालला.

दुसऱ्या दिवशी दुबईत करामाला रोनितच्या स्टुडिओत गेलो. रोनित इकडेच जन्मलेला, तिशीचा पोरगा. दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतींना गाद्या लावलेल्या, खालच्या हॉटेलातला सांबाराचा वास वर. बास जोडला. आधी चरचर, मग काहीच नाही.

रोनितनं मागची पट्टी उघडली. आतली बटणं चिकट झाली होती, सर्किटवर कुंकवाचा लाल थर, आणि बॅटरीच्या तारेखाली तांदळाचा एक दाणा.

"काका, हे काय आहे? बिर्याणी?"

"अक्षता."

"सीरियसली? शेठना फोन लावू?"

"नको."

"का? तुम्ही थोडीच केलंय?"

मी त्याला नोटेची गोष्ट सांगितली. सुस्थितीत मिळाला, सही माझी, म्हणजे बिघाडही माझ्याच माथी. आता लिहितोय म्हणून मी मोठा शूर वाटत असेन. त्या दिवशी मी घाबरलो होतो.

माझा जुना बास स्टुडिओच्या कोपऱ्यात असायचा. माझ्या खोलीत सहा माणसं राहतात, गिटार ठेवायला जागा कुठली? त्याच्यात बॅटरी नाही, सर्किट नाही. लोहचुंबक आणि तार. तारा आठ वर्षांत बदलल्या नव्हत्या. त्या इतक्या मेल्यात की झणकार उरलाच नाही. नुसता गोल, बुटका घुम. गोदामात मोठ्या डक्टवर बाहेरून मूठ मारली की आत जसा आवाज फिरतो, तसा. पाचही गाणी त्याच्यावर वाजवली. रोनितनं तोवर शेठचा बास पुसून, वाळवून, कोपऱ्यात स्टँडवर उभा केला. तो संध्याकाळपर्यंत पुन्हा बोलायला लागला, पण तोवर आमचं काम झालं होतं. तांदळाचा दाणा मी स्क्रूच्या प्लास्टिक पिशवीत घालून खिशात ठेवला. स्टोअरकीपरची खोड.

गाणी ऐकायला शेठ आले ते डॉक्टर सत्यजितना घेऊन. हे दातांचे डॉक्टर. घरी माणसाएवढे स्पीकर आहेत, म्हणून मंडळात आवाजातलं सगळं यांनाच कळतं.

तिसरं गाणं लावलं. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"उल्हास, हे लाकूड बोलतंय बघ. स्वस्तातल्या वस्तूत हा आवाज येत नाही. पाण्यात राहून वाळलेलं लाकूड असतं हे. मी डोळे मिटून सांगतो."

"मग? अठ्ठावीस हजार घातलेत!" शेठ म्हणाले. "ऐक भानू, ऐक. याला म्हणतात वस्तू."

रोनितनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. आणि काय म्हटलं? म्हटलं, "शेठ, तेवढं नावाचं..."

"टाकतो रे बाबा. यल्ला, पुढचं लावा."

डिसेंबरात एका शाळेच्या हॉलमध्ये अल्बमच्या प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. डॉक्टर स्टेजवर दहा मिनिटं त्या लाकडावर बोलले. मी पाचव्या रांगेत पुस्तिका उघडली. गायिका, तबला, हार्मोनियम, ध्वनिमुद्रण, सगळ्यांची नावं. वडापाव पुरवणाऱ्याचं नाव. आणि एक ओळ: 'बास गिटार: हस्तनिर्मित, अमेरिका. सौजन्य: चि. अंश उल्हास नेर्लेकर.'

वस्तूचं नाव छापलं होतं. वाजवणाऱ्याचं नाही. आणि ती वस्तू वाजलीच नव्हती.

पुढच्या सकाळी मी ऑफिसात शेठच्या टेबलावर स्क्रूची पिशवी ठेवली.

"हे काय?"

"अक्षता, शेठ. वहिनींनी वाहिलेल्या. तुमच्या बासमधून निघाल्या. रेकॉर्डिंगला तो बंद होता. पाचही गाणी माझ्या बासवर वाजवलीत."

ते हसायला लागले. "सकाळी सकाळी काय रे चेष्टा!"

"रोनितला विचारा."

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. रोनित बिचारा सरळ बोलला, "हो अंकल. काकांचा जुना बास आहे सगळीकडे."

फोन ठेवल्यावर शेठनी पिशवी उचलून दाणा उजेडात धरला. मला वाटलं, आता ओरडतील. नोट काढतील. ओरडले नाहीत. पुढे वाकले आणि म्हणाले, "तुझा तो बास कितीला देतोस?"

मला आधी कळलंच नाही.

"पाच हजार देतो. म्हणजे एक लाख वीस हजार रुपये होतात, भानू. विचार कर. चारशेच्या वस्तूचे."

बघा, हा माणूस. आवाज आवडला, तर तो कशात तरी असणार, आणि कशात असेल तर ते विकत मिळणार. त्या आवाजामागे आठ वर्षांचा घाम होता, दोन बोटं होती, बावीस वर्षं होती, हे त्याच्या डोक्याला शिवलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "पैसे नकोत. फुकट न्या. पण नाव टाका. गाणी यूट्यूबवर आहेत, दोन मिनिटांचं काम आहे. 'बास: भानुदास कुराडे'. तीन शब्द."

"आता कसं बदलणार? डॉक्टर चारशे लोकांसमोर बोललाय. मी काय तोंड दाखवू?"

"आणि मी, शेठ? मी पोरीला काय दाखवू?"

त्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ झाला की मला भीती वाटते. "भानू, तुझ्या व्हिसावर काय आहे? स्टोअरकीपर. उद्या कुणी विचारलं, हा बाहेर काय कामं करतो, तर? नाव छापून आलं की अडचण तुलाच. मी तुझ्याच भल्याचं बोलतोय."

बावीस वर्षं यांच्याच मंडळात वाजवतोय. तेव्हा व्हिसा आठवला नाही.

"बरं," मी म्हटलं. "मग तुमचा बास परत घ्या. रेकॉर्डिंगपासून गोदामात पडलाय. नोट बनवतो."

"बनव, बनव."

खाली जाऊन मी कॉम्प्युटरवर नोट टाइप केली. 'बास गिटार, एक नग, पेटीसह, परत. शेरा: हा नग मंडळाच्या अल्बममध्ये वाजलेला नाही. अल्बममधील पाचही गाण्यांत बास: भानुदास कुराडे, स्वतःच्या वाद्यावर.' वर नेली. शेठ फोनवर कुठल्याशा कॉन्ट्रॅक्टरला झापत होते. त्यांनी न वाचता तिन्ही प्रतींवर सही ठोकली आणि कंपनीचा गोल शिक्का मारला. मी उभ्या उभ्या बघत होतो. रोज पन्नास नोटांवर ते अशाच सह्या करतात. नग आणि माणूस, दोन्ही एकाच सहीत, वर न बघता.

पांढरी प्रत त्यांच्याकडे, गुलाबी फाईलला, पिवळी माझी. पिवळीचा फोटो काढून मी ईश्वरीला पाठवला.

दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला. 'दिसलं नाव. पण बाबा, ही तर कंपनीची पावती आहे.'

'हो,' मी लिहिलं. 'आमचं नाव इकडे पावतीवरच छापतात.'