गटाराला लागलेली नजर

पहिला डाग तिळाएवढा होता. दादाच्या स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या डाव्या चाकाला पाच नट आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या नटाच्या कडेवर तो तपकिरी ठिपका मला महिन्यापूर्वी दिसला होता. आता पाचही नट डागाळले होते, कडेला जांभळट आणि मध्ये काळपट. उजव्या चाकाचे नट मात्र बरेच स्वच्छ होते. गाडी एक, रस्ता एक, मग दोन चाकांत हा फरक का? गाड्या धुण्याच्या त्या केंद्राच्या अंगणात जमलेल्या गर्दीला हा प्रश्न पडला नव्हता. तिच्याकडे उत्तर आधीच तयार होतं.

"चाक गरम आहे ना? थंड होऊ देऊ नका!" घडीच्या खुर्चीतून उठत एक बाबा ओरडला. लोक त्याला चाकबाबा म्हणत; गेला महिनाभर दादा दर आठवड्याला त्याच्याकडून गाडीचा दोष उतरवून घेत होता. तो स्वतःला चक्रयोगी म्हणवून घेई. "इंजिनाला तेल पाजता, टायरात हवा भरता, पण चाकाच्या मनाचं काय? यंत्र बोलत नाही, बाळांनो. यंत्र रडतं!"

त्याने पांढऱ्या बाटलीतून चाकावर फवारा मारला. द्रव पाण्यासारखा बिनरंगी होता. क्षणभर काही झालं नाही. मग नटांभोवती लालसर जांभळे ओघळ फुटले आणि खरोखर जखमेतून यावं तसं चाकातून रक्त ठिबकू लागलं. कुजकट, केस कुरळे करण्याच्या औषधासारखा वास पसरला.

"हा वास दोषाचा," बाबाने नाक मुरडलं. "पाणी लावायचं नाही. उन्हात वाळू द्या. पाणी लावलं की दोष आत परततो. आणि बघा, डावीकडेच जास्त! या बाजूला कोण बसतं?"

दादाने मान खाली घातली. त्या बाजूला वहिनी बसत.

म्हणजे आधी बसत. बाबाने "घरातल्याच माणसाची नजर" असं सांगितल्यापासून दादाने त्यांना मागे बसवायला सुरुवात केली होती. स्पोर्ट्‌स कारची मागची सीट ही पिशव्यांसाठी असते, माणसांसाठी नाही. वहिनी गुडघे हनुवटीला लावून तिथे बसायच्या. आजही तशाच आल्या होत्या आणि आता अंग मोकळं करत बाजूला उभ्या होत्या.

"वन्सं, गाडी डावीकडे ओढते हो," त्या मला हळूच म्हणाल्या. "जळकट वासही येतो. गॅरेजला दाखवा म्हणून सांगून सांगून माझं तोंड दुखलं. हे म्हणतात, आधी दोष उतरू दे. आणि उद्या याच गाडीने लेकीच्या हॉस्टेलला जायचंय. अख्खा घाट उतरून."

मला राग बाबाचा कमी आणि दादाचा जास्त आला. दादाचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने साधी खोकल्याची बाटली घेतली तरी "वरचं वाचून घ्या" असं तो दोनदा बजावतो.

"दादा, त्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढलंय, पाहिलंस?"

"तीर्थाला कुठे लेबल असतं?"

"लेबल नसलेल्या बाटलीतलं औषध तू कुणाला देशील?"

"तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच," दादा पुटपुटला. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेली, पण घरात मी अजून शेंडेफळच.

मी पुढे झाले. "बाबा, एकदा मला फवारू द्या."

गर्दी बघत होती. नाही म्हणणं त्याला अवघड होतं. "श्रद्धेने हात लावणार असशील तर लाव, मुली."

केंद्राच्या कार्यालयातून मी चहाची एक पांढरी बशी आणि चमचा मागून आणला. रिकाम्या बशीवर फवारलं. काही झालं नाही.

"बशी निर्दोष आहे!" बाबा हसला. लोकही हसले.

मग मी अंगणातल्या गटारावरच्या लोखंडी जाळीचा गंज चमच्याने खरवडला, त्याची चिमूटभर भुकटी बशीत घेतली आणि पुन्हा फवारलं. थोड्या वेळाने बशीत तेच लालसर जांभळं रक्त उतरलं. वासही तोच.

"आता सांगा," मी विचारलं, "गटारावर कोण जळतं?"

मागून कुणीतरी खो खो हसलं. बाबाचा हात बाटलीकडे गेला, पण मी ती सोडली नाही.

"हे लोखंडाची भुकटी काढायचं रसायन आहे. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं आणि वाईटही नाही. ब्रेक लावला की चाकाआडची लोखंडी डिस्क आणि तिला दाबणारे पॅड झिजतात, त्यांची बारीक भुकटी चाकावर बसते. तिच्यात लोखंड असतं. लोखंडाशी गाठ पडली की याचा रंग बदलतो. पण हे थंड चाकावर मारायचं असतं, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं असतं. तापलेल्या चाकावर वाळवलं तर डाग पडतात. नटांवरचे डाग दोषाचे नाहीत, यांच्या उपायाचे आहेत. चाक धुऊन नट फडक्याने कोरडे करा, वर मेणाचा हात फिरवा, नट चकचकीत राहतील."

"पण ताई," एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "गटारालाही लागू शकते ना नजर?"

मी डोळे मिटले. अशा वेळी दगडावर डोकं आपटावंसं वाटतं, आणि दुखतं ते आपलंच.

"मग डावीकडेच जास्त का?" दादाने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. महिन्याभरात त्याने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

"पाणी आण."

"पाणी लावू नका!" बाबा किंचाळला.

दादाने पेलाभर पाणी आणलं. मी चाकाच्या आऱ्यांमधून उजव्या डिस्कवर चार थेंब टाकले. ते ओघळून गेले. डाव्या डिस्कवर टाकले. चर्रर्र आवाज झाला आणि वाफ निघाली.

"घरून इथपर्यंत पाच मिनिटांचा सपाट रस्ता," मी म्हणाले. "तरी हा तवा झालाय. डावा ब्रेक सुटतच नाही, दादा. पाय काढलास तरी धरून राहतो. म्हणून भुकटी जास्त, म्हणून रक्त जास्त, म्हणून फवारा लगेच वाळतो आणि डाग जास्त. वहिनी सांगतात तो जळकट वासही त्याचाच. उद्या घाटात ब्रेक इतके तापले असते की ऐन वळणावर पाय दाबूनही ते लागले नसते. चाक खरंच काहीतरी सांगत होतं. यांनी त्याचं तोंड तुझ्या बायकोकडे वळवलं."

बाबा घडीची खुर्ची काखोटीला मारून फाटकाकडे सरकत होता. त्याला अडवण्यात मला रस नव्हता. तो गेला तरी दुसरा येईल. येणार नाही तो एकाच अटीवर: आपण "कोणामुळे" असं विचारण्याआधी "कशामुळे" असं विचारलं तर. असं विचारायला माझ्यासारखी पदवी लागत नाही. एक बशी पुरते, आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्यायची तयारी.

दादाने डाव्या चाकापाशी उकिडवं बसून आत पाहिलं. मग उठला, खिशातून चावी काढली आणि वहिनींसमोर जाऊन उभा राहिला.

"घे, ही तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "उद्या आपण बसने जाऊ. गाडी इथून उचलून थेट गॅरेजला. ब्रेक उघडून बघितल्याशिवाय मी ही चालवणार नाही."