खोलीगणिक वेगळी फरशी

तात्यांनी उभं आयुष्य बस चालवण्यात काढलं होतं, त्यामुळे त्यांची नजर घारीसारखी आहे अशी घरात सगळ्यांची समजूत होती. ती समजूत मोडायची तात्यांची छाती होत नव्हती. समोरच्या माणसाच्या तोंडावर बरोबर मधोमध एक करडा डाग बसायला लागून बरेच महिने झाले होते. तात्या गुपचूप एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तात्यांनी औषध कपाटात मोज्यांच्या मागे लपवलं आणि घरात ब्र काढला नाही.

त्यांच्या थोरल्या भावाची नजर गेली, तेव्हा घरच्यांनी त्याला अगदी प्रेमाने खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. "तुम्ही उठू नका हं, आम्ही आहोत ना," असं जो तो म्हणायचा. भाऊ त्या खुर्चीतून शेवटपर्यंत उठला नाही. तात्यांना धास्ती होती ती त्या खुर्चीची.

आजवर निभत होतं ते पायांच्या जिवावर. बाहेरच्या खोलीत गुळगुळीत दगड, स्वयंपाकघरात खरखरीत फरशी, पॅसेजमध्ये लहान लाद्या, त्यांचे सांधे तळव्याला लागायचे, आणि आतल्या खोलीत सिमेंटचा कोबा. अनवाणी चाललं की आपण कुठे आहोत हे तात्यांना न बघता कळायचं. पण फरश्या जुन्या झाल्या, पोकळ वाजू लागल्या, दोन-चार उचकटल्या. मुलाने घोषणा केली की आता सगळ्या घरात एकच फरशी, एकाच रंगाची, चकचकीत. त्याने घर मोठं दिसतं म्हणे.

"स्वयंपाकघरात चकचकीत घालशील आणि तेल सांडलं की तुझी आई आडवी होईल," सगळे मिळून फरशीच्या दुकानात गेले, तिथे तात्या म्हणाले. "प्रत्येक खोलीचं काम वेगळं, तर फरशी नको वेगळी?"

"बाबा, घराची गोधडी करायची आहे का? हल्ली सगळे असंच करतात."

"सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तूही मारशील!"

एवढं बोलून तात्यांनी चपला काढल्या आणि ते मांडलेल्या एकेका नमुन्यावर अनवाणी उभे राहू लागले. दुकानदार गालातल्या गालात हसला. बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, फरशी बघायची असते, इथेच तुडवायची नसते!" सूनबाईने न्हाणीघरासाठी तेवढी खरखरीत लादी पदरात पाडून घेतली. बाकी घरभर चकचकीत ठरली आणि तात्यांचं तोंड एवढंसं झालं.

मिस्त्रीने पॅसेज, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली एकदम उकरून काढली. सगळीकडे पायाला तीच भुरभुरीत वाळू आणि तेच खडे. बाहेरच्या खोलीत त्याने निम्म्या फरश्या बसवल्या, ओल्या मालावर कुणी पाय देऊ नये म्हणून दारात आडवी दोरी बांधली, तिला लाल चिंधी लावली आणि तो जेवायला गेला. दुपारची झोप झाल्यावर तात्या न्हाणीघराकडे निघाले. पायांना काहीच कळेना. भिंत चाचपत वळले ते भलत्याच दाराशी. दोरी मांडीला लागली आणि तुटली. पुढच्याच पावलाला खाली थंडगार गुळगुळीत लागलं आणि ते हललं.

"आजोबा!" परत आलेला मिस्त्री दारातून ओरडला. "एवढी लाल चिंधी दिसली नाही का?"

घर धावत आलं. तात्या खोलीच्या मध्यावर उभे होते, पायाखालच्या तीन फरश्या खचल्या होत्या. विसरलो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांना एकदम थकल्यासारखं झालं.

"नाही दिसली," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून नीट दिसत नाही मला."

बायको आणि मुलगा त्यांच्या डोळ्यांकडे बघू लागले. सूनबाईने मात्र तात्यांचे पाय बघितले. "म्हणून तुम्ही दुकानात चपला काढल्या होत्या!"

"पायांना कळतं गं. खोली बदलली की."

"मग आधी नाही का सांगायचं? मिस्त्री, राहिलेल्या पेट्या उघडू नका."

खोलीगणिक वेगळी फरशी आणि आतल्या खोलीला लाकडी पट्ट्या असं ठरलं, तेव्हा मिस्त्रीने कुरकुर केली. लाकडी पट्ट्या जाडीला कमी, खाली भर घालून पातळी जुळवावी लागेल, नाहीतर दारादारात ठेच लागेल. पण काम त्याने चोख केलं. बाहेर चकचकीत राहिली, स्वयंपाकघराला खरखरीत, पॅसेजला रेघांची, आतल्या खोलीला लाकूड. मुलगा स्वतः अनवाणी फिरून प्रत्येक उंबऱ्याशी पातळी तपासत होता.

तात्यांचा जीव मात्र भांड्यात पडेना, कारण बायको गोड बोलायला लागली होती. चाळीस वर्षं जिने त्यांना धारेवर धरलं, ती आता चहा हातात आणून द्यायची, कोपर धरायची आणि म्हणायची, "उठू नका हं, मी आहे ना." ते ऐकलं की तात्यांना भावाची खुर्ची आठवायची. ती खोलीत असली की ते निमूट बसून राहायचे.

एके दिवशी मुलगा-सून कामावर गेले होते. शिंपीण दुकान बंद करायच्या आत ब्लाउज आणायचा म्हणून बायको घाईत निघाली. "गॅसवर दूध आहे, बघा हो!" सवयीने बोलून गेली.

तात्या पलंगावर रेडिओ ऐकत पडले होते. चर्र आवाज आला, करपट वास आला, तसे ते उठले. लाकूड संपलं, रेघा लागल्या, मग खरखरीत. भिंतीला हात न लावता ते तडक ओट्याशी पोचले आणि गॅस बंद केला.

आपण कुणाला काय सांगून आलो हे बायकोला अर्ध्या वाटेत आठवलं. ती धापा टाकत परत आली. ओटाभर दूध होतं आणि तात्या हातात फडकं घेऊन धडधाकट उभे होते. तिने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. भाजलेलं नाही, पडलेले नाहीत. मग तिचा आवाज चढला.

"एवढं साधं काम सांगितलं तुम्हाला! लक्ष कुठे असतं तुमचं? रेडिओ ऐकत लोळत असाल!"

"लोळत होतो," तात्या कबूल झाले. त्यांना हसू आवरेना.

"हसताय काय? आणि पुसताय तर धड पुसा, शेगडीखाली सगळं तसंच आहे."

तात्यांनी शेगडी उचलून बाजूला ठेवली आणि खालचं पुसायला घेतलं. बायको ब्लाउज आणायला निघून गेली.